जळगावच्या पीसीसाठी ४० हजारांत कोणतं ग्राफिक्स कार्ड?

प्रश्न थोडक्यात असा: घरात पीसी एक, वापरणारे दोघं. प्रश्न विचारणारी ताई जळगावला ॲनिमेशन शिकते, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. धाकटा भाऊ रात्री त्याच मशीनवर गेम खेळतो. आय५-१०४००एफ प्रोसेसर, बी४६० बोर्ड, १६ जीबी रॅमची एकच पट्टी, जीटीएक्स १६५०, ४५० वॅटचा एसएमपीएस (पीसीतला वीजपुरवठ्याचा डबा), ६०० व्हीएचा यूपीएस, २४ इंची १०८०पी १४४ हर्ट्झचा मॉनिटर. बजेट ४० हजार. दुकानदार म्हणतो, एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० टीआय ८ जीबी डोळे झाकून घ्या. भावाला एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी हवंय. एका ओळखीच्याकडे वापरलेलं आरटीएक्स ३०६० मिळतंय. काय घ्यावं?

आधी निकाल सांगतो, कारणं मागून. ५०६० टीआयचं ८ जीबी मेमरीवालं कार्ड घेऊ नका, दुकानदाराने हजार-दोन हजार सोडले तरी. ४० हजार ही पक्की मर्यादा असेल तर भावाचं बरोबर आहे: ९०६० एक्सटी घ्या, पण १६ जीबीचंच. तुमचं रेंडरिंग (सीनची अंतिम चित्रं काढणं) मुख्यतः ब्लेंडरच्या सायकल्स इंजिनमध्ये होत असेल आणि पुढेही याच क्षेत्रात राहायचं असेल, तर दोन-तीन महिने थांबा, जुनं १६५० विका, वर थोडी भर घाला आणि ५०६० टीआय १६ जीबी घ्या. ओळखीच्याकडचं ३०६० या दोघांच्या मागे, तेही अटींवर.

कार्ड नावावरून निवडायचं नसतं, हे या किमतीच्या कार्डांना सगळ्यात जास्त लागू पडतं. २०२१मध्ये आलेलं ३०६० हे १२ जीबीचं, १९२ बिट बसचं (बस म्हणजे मेमरीपर्यंतचा मार्ग, बिट म्हणजे त्याची रुंदी) कार्ड. पुढे २०२२च्या शेवटी त्याच नावाने ८ जीबी, १२८ बिटचं कार्ड बाजारात आलं. ते सरळसरळ हळू आहे, पण खोक्यावर ३०६०च लिहिलेलं. ३०५०चंही तेच. ८ जीबीचं वेगळं, आणि २०२४मध्ये आलेलं ६ जीबीचं वेगळं, त्यात कोअरही कमी. ५०६० टीआय आणि ९०६० एक्सटी या दोघांच्या ८ आणि १६ जीबीच्या आवृत्त्या शेजारीशेजारी विकल्या जातात. निदान यांच्यात चिप तरी तीच आहे. म्हणून गोंधळ वाढतो: यूट्यूबवर बघितलेला आकडा १६ जीबीचा असतो आणि हातात येतं ते ८ जीबीचं. एप्रिल २०२५मध्ये ५०६० टीआय आलं तेव्हा समीक्षकांकडे मुख्यतः १६ जीबीचंच कार्ड पोचलं होतं. ८ जीबीचं कार्ड अनेकांना दुकानातून विकत आणून तपासावं लागलं. निकाल बघितल्यावर कंपनीने ते आधी का दिलं नसावं ते कळतं.

आता हा ८ आणि १६चा खेळ येतो कुठून? मेमरीची प्रत्येक चिप ३२ बिटच्या मार्गाने जीपीयूला, म्हणजे कार्डावरच्या मुख्य चिपला, जोडलेली असते. बस १२८ बिटची असेल तर चिप बसणार चार. एकेक चिप २ जीबीची, म्हणजे झाले ८. जास्त हवी तर बोर्डच्या मागच्या बाजूलाही चार चिप लावायच्या, म्हणजे १६. याच चिपांतून अधलंमधलं १२ जीबी हवं तर १९२ बिटची बस लागते, म्हणजे सहा चिप, म्हणजे मोठं आणि महाग सिलिकॉन. इंटेलने आर्क बी५८०मध्ये तेच केलं, एनव्हिडियाने ३०६०मध्ये केलं होतं. नंतरच्या ४०६० आणि ५०६०मध्ये बस अरुंद करून, कॅश (मुख्य चिपमधली छोटी, जलद मेमरी) वाढवून काम भागवलं. गेम चालवायला कॅशचा फायदा होतो, खोटं नाही. पण कॅशने मेमरीची जागा वाढत नाही.

आणि जागा संपली की काय होतं, ते तुमच्या बोर्डवर जरा जास्तच दिसेल. कार्डवरच्या मेमरीत न मावलेला डेटा पीसीच्या रॅममध्ये जातो आणि लागेल तेव्हा पीसीआय एक्सप्रेसच्या स्लॉटमधून ये-जा करतो. ५०६० टीआयची स्वतःची मेमरी सेकंदाला ४४८ जीबी वेगाने वाचली जाते. स्लॉटचा मार्ग त्याच्यापुढे गल्लीबोळ (‘जेन’ म्हणजे स्लॉटची पिढी, ‘लेन’ म्हणजे त्यातल्या डेटाच्या वाटा): जेन ५च्या आठ लेनवर साधारण ३२ जीबी, जेन ४च्या आठ लेनवर १६, आणि जेन ३च्या आठ लेनवर ८ जीबीच्या आसपास. बी४६० बोर्ड आणि दहाव्या पिढीचा आय५, दोन्ही जेन ३. ५०६० आणि ५०६० टीआय, दोघांनाही लेन आठच. म्हणजे नवीन बोर्डवरच्या समीक्षेत ८ जीबीचं कार्ड जिथे थोडं अडखळताना दिसतं, तिथे तुमच्याकडे त्या ये-जा करण्याच्या मार्गाची रुंदी चौथ्या हिश्शावर आलेली असेल. सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) बघून हे लक्षात येत नाही. गेम ७० एफपीएस दाखवतो आणि वळणावर अर्धा सेकंद थिजतो. काही गेम थिजतही नाहीत. गुपचूप टेक्स्चरचा दर्जा पाडतात, भिंती चिखलासारख्या दिसायला लागतात आणि आकडा मात्र छान राहतो.

९०६० एक्सटीला एएमडीने पूर्ण १६ लेन दिल्या आहेत. जुन्या बोर्डवर कार्ड टाकणाऱ्यांसाठी ही गोष्ट मोलाची आहे, आणि जाहिरातीत तिचा फारसा उल्लेख नसतो. जेन ३वरही त्याला १६ जीबी प्रति सेकंदाचा मार्ग मिळतो. वर १६ जीबी मेमरी असल्यामुळे त्या मार्गावर जायची वेळच क्वचित येते. भावाच्या बाजूने माझं मत पडलं त्याचं अर्धं कारण हेच.

जाता जाता, हे वाचून कोणी नवीन पीसी बांधणार असेल तर त्याच्यासाठी: रायझन ५६००जी आणि ५५०० हे प्रोसेसर नवीन बोर्डवर बसवले तरी ग्राफिक्स कार्डला जेन ३च देतात. ८५००जी तर कार्डसाठी चारच लेन सोडतो. ‘आत्ता आतल्या ग्राफिक्सवर भागवू, कार्ड नंतर टाकू’ म्हणून हे प्रोसेसर घेतले जातात आणि नंतर तीच गोष्ट आडवी येते.

८ जीबी म्हणजे टाकाऊच, असंही माझं म्हणणं नाही. भाऊ फक्त व्हॅलोरंट, सीएस२, जीटीए ५ खेळणार असेल तर ८ जीबी पुरून उरते, आणि मग ५०६० टीआय काय, ५०६०चीही गरज नाही. वापरलेलं आरएक्स ६६०० निम्म्याहून कमी पैशांत ते काम करेल. प्रश्न येतो तो मोठ्या, गोष्ट असलेल्या नव्या गेमचा. डिसेंबर २०२४मध्ये आलेला इंडियाना जोन्सचा गेम आणि मे २०२५मधला डूम: द डार्क एजेस, दोन्ही रे ट्रेसिंगचं (प्रकाशाचे किरण खऱ्यासारखे मोजणारं) हार्डवेअर नसेल तर सुरूच होत नाहीत. तुमच्या १६५०वर ते चालणारच नाहीत. रे ट्रेसिंगही मेमरी खातं आणि फ्रेम जनरेशनही (मधल्या फ्रेम कार्डाने स्वतः बनवून घालणं) खातं. म्हणजे ज्या सोयींसाठी नवीन कार्ड घ्यायचं, त्या चालू केल्या की ८ जीबी आणखी लवकर भरते.

आता प्रोसेसर. १०४००एफ अजून बरा आहे, पण १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर स्पर्धात्मक गेममध्ये अडवणारा तोच असेल, कार्ड नाही. कार्ड घेण्याआधी घरीच तपासा, पैसे लागत नाहीत. भाऊ जो गेम जास्त खेळतो तो सुरू करा, रिझोल्यूशन १०८०पीवरून ७२०पीवर आणा, सेटिंग सगळ्यात खाली. एफपीएस चांगला वाढला तर आत्ता अडथळा कार्डाचा आहे आणि नवीन कार्डाचा उपयोग होईल. जवळपास तेवढाच राहिला तर त्या गेममध्ये ५० हजारांचं कार्ड टाकूनही आकडा तिथेच राहणार. तोच आकडा तुमच्या प्रोसेसरची कमाल मर्यादा. एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये जीपीयूचा वापर सतत ९० टक्क्यांच्या खाली दिसत असेल तरी अर्थ तोच.

या तपासणीआधी एक काम करा: रॅमची दुसरी पट्टी लावा. एकच पट्टी असली की मेमरी एकाच चॅनेलवर चालते, प्रोसेसरला डेटा अर्ध्या वेगाने मिळतो, आणि गेममधले बारीक झटके त्यातून येतात. आपल्याकडच्या असेंबल्ड पीसीत हा प्रकार सर्रास दिसतो, कारण विकताना ‘१६ जीबी रॅम’ एवढंच सांगितलं जातं. डीडीआर४चे भाव आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत, तरी वापरलेली पट्टी घ्यायला हरकत नाही. रॅम सहसा एक तर चालते नाही तर चालत नाही. आहे त्याच वेगाची आणि शक्यतो त्याच कंपनीची बघा.

किमतीकडे वळतो. परदेशी समीक्षेत कार्ड डॉलरमध्ये मोजतात आणि लोक त्याला डॉलरच्या भावाने गुणून दुकानदाराशी भांडायला जातात. गुणाकार करा, पण त्यावर १८ टक्के जीएसटी धरा. डॉलर ८८ रुपये धरला तर २९९ डॉलरचं ५०६० होतं साधारण ३१ हजार. ९०६० एक्सटी १६ जीबी ३४९ डॉलरला जाहीर झालं, म्हणजे ३६ हजारांच्या थोडं वर. ५०६० टीआय ८ जीबी ३७९ डॉलर, म्हणजे ३९ हजार. तेच १६ जीबीचं ४२९ डॉलर, म्हणजे साडेचव्वेचाळीस. ५०७० जवळजवळ ५७ हजारांवर जातं. हा तुमचा मापदंड. दुकानातला भाव याच्या आसपास असेल तर ठीक. १५-२० टक्के वर असेल तर त्या कार्डाचा भारतात तुटवडा आहे किंवा तुम्हाला महागडं मॉडेल दाखवलं जातंय. २०२५च्या शेवटापासून मेमरी चिपचे भाव चढल्यामुळे १६ जीबीच्या कार्डांवर जास्त ताण आहे, त्यामुळे हा फरक रोज बघत राहावा लागेल. आणि उलटंही होतं: एएमडीची कार्डं परदेशात स्वस्त आणि इथे एनव्हिडियाच्या भावात, असं बऱ्याचदा घडतं. ९०६० एक्सटी १६ जीबी तुम्हाला ४२-४३ हजारांना सांगत असतील तर माझा वरचा निकाल बदलेल.

‘एका फ्रेमला किती रुपये पडले’ हा हिशोब सगळे करतात, पण अर्धवट. समजा एक कार्ड ३२ हजारांना मिळतं आणि तुमच्या गेममध्ये ८० एफपीएस देतं. दुसरं ३८ हजारांना, ९० एफपीएस. पहिलं फ्रेममागे ४०० रुपये, दुसरं ४२२. पहिलं स्वस्त वाटतं. पण तुमच्या जुन्या कार्डावर आत्ताच ४० एफपीएस मिळतायत, त्यांचे पैसे परत मोजायचे नाहीत. मिळणारी वाढ धरा: पहिल्यात ४० फ्रेम, म्हणजे ८०० रुपये फ्रेममागे, दुसऱ्यात ५०, म्हणजे ७६०. आता दुसरं स्वस्त झालं. जुनं कार्ड विकून येणारे पैसे वजा करा, एसएमपीएस बदलावा लागणार असेल तर त्याचे मिळवा, आणि कार्ड किती वर्षं टिकवणार त्याने भागा. १६ जीबीचं कार्ड एक-दोन वर्षं जास्त खेचलं जाईल असं मी धरतो. हा अंदाज आहे, पण ४ जीबीच्या १६५०चं काय झालं ते तुमच्यासमोरच आहे. आणि हिशोबाला सरासरी एफपीएस घेण्याऐवजी समीक्षेत ‘वन पर्सेंट लो’ (सगळ्यात हळू एक टक्का फ्रेमचा वेग) म्हणून दिलेला आकडा घ्या. हाताला जाणवतो तो तोच.

खोक्यावरच्या आणि जाहिरातीतल्या आकड्यांवर हा हिशोब करू नका. जानेवारी २०२५मध्ये जेन्सन ह्वांग यांनी लास व्हेगासच्या मंचावरून सांगितलं होतं की ५४९ डॉलरचं ५०७० म्हणजे आधीच्या मालिकेतल्या सगळ्यात वरच्या ४०९०ची कामगिरी. ती तुलना मल्टी फ्रेम जनरेशन धरून होती: जीपीयू एक फ्रेम खरी काढतो आणि मध्ये तीन बनवून घालतो. पडदा गुळगुळीत दिसतो, पण माउस हलवल्यावर गेम प्रतिसाद देतो तो खऱ्या फ्रेमच्याच वेगाने, वर थोडा उशीर आणखी. मुळात ५०-६० एफपीएस मिळत असतील तर फ्रेम जनरेशन छान वाटतं. मुळात २५ असतील तर आकडा १०० दिसेल आणि हात चिखलात असल्यासारखा चालेल.

अपस्केलिंगची गोष्ट वेगळी, ते खरोखर कामाचं आहे. गेम कमी रिझोल्यूशनवर काढून मोठा करायचा. इथे एनव्हिडियाचं डीएलएसएस बरीच वर्षं पुढे होतं. १०८०पीच्या मॉनिटरवर तर फरक ठळक दिसायचा, कारण मुळात पिक्सेलच कमी. एएमडीने ९००० मालिकेबरोबर एफएसआर ४ आणून ते अंतर बरंच कमी केलं, पण सगळ्या गेममध्ये ते नाही. डीएलएसएसची यादी मोठी आहे. ज्या गेमसाठी कार्ड घेताय त्यात काय चालतं ते आधी बघून घ्या. डीएलएसएस ४चं सुधारलेलं अपस्केलिंग २० मालिकेपासूनच्या सगळ्या आरटीएक्स कार्डांवर चालतं, म्हणजे ओळखीच्याकडच्या ३०६०वरही. मल्टी फ्रेम जनरेशन मात्र ५० मालिकेपुरतंच.

इंटेलचं बी५८० तुम्ही विचारलं नाहीत, पण बजेट बघून कोणीतरी सुचवेलच. २४९ डॉलरला १२ जीबी, कागदावर याच्याइतकं स्वस्त काही नाही. पण त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरवर जास्त भार टाकतो आणि सहा कोअरच्या जुन्या प्रोसेसरबरोबर त्याची कामगिरी बऱ्याच गेममध्ये घसरते. रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू नसेल तर आणखी. तुमच्या बोर्डला बायोस अपडेट करून तो मिळेलही, तरी १०४००एफबरोबर मी हे कार्ड बसवणार नाही. नवीन प्रोसेसर असता तर वेगळं बोललो असतो.

आता तुमच्या कामाचं. ब्लेंडरचं सायकल्स इंजिन एनव्हिडियावर ऑप्टिक्स या तिच्या स्वतःच्या प्रणालीतून चालतं आणि तिथे एनव्हिडियाची आघाडी थोडीथोडकी नाही. सारख्याच किमतीच्या एएमडी कार्डापेक्षा रेंडर कितीतरी लवकर संपतो. एएमडीवर एचआयपी या तिच्या प्रणालीतून चालतं, बिघडत वगैरे नाही, वेळ लागतो. ईव्ही या ब्लेंडरच्याच दुसऱ्या, जलद इंजिनमध्ये काम करत असाल तर हा फरक बराच कमी होतो, व्ह्यूपोर्टमध्ये मॉडेलिंग करताना तर जाणवणारही नाही. म्हणून वर मी सायकल्सची अट घातली. शिकताना बहुतेक असाइनमेंट लहान असतात आणि रात्री लावून झोपता येतं (भाऊ मशीन सोडेल तर). पण पुढे स्टुडिओत गेल्यावर ऑक्टेनसारखी इंजिनं विंडोजवर एनव्हिडियाशिवाय चालतच नाहीत, आणि एआयची बरीचशी साधनं आधी एनव्हिडियाच्या कूडा या प्रणालीवर येतात, बाकीच्यांवर मागून. या क्षेत्रात राहायचं पक्कं असेल तर आठ-नऊ हजारांचा फरक वसूल होतो. नुसतं आवडतं म्हणून शिकत असाल तर नाही.

मेमरीचा मुद्दा ब्लेंडरला गेमपेक्षाही कडक लागू पडतो. सीन मेमरीत मावला नाही की रेंडर एक तर रांगायला लागतो, नाही तर एरर देऊन थांबतो. गेममध्ये सेटिंग खाली करता येतं; सरांनी दिलेल्या सीनमधले केस आणि ४के टेक्स्चर कुठे खाली करणार? म्हणूनच ८ जीबीचं ५०६० टीआय तुमच्यासाठी दुहेरी चूक ठरेल: पैसे वेगवान चिपचे द्यायचे आणि काम छोट्या कार्डाचं घ्यायचं. त्यापेक्षा जुनं १२ जीबीचं ३०६० हळू असूनही काम पुरं करतं.

त्या ३०६०च्या अटी अशा. पहिली, १२ जीबीचं आहे ना ते जीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये बघा: मेमरी १२ जीबी आणि बस १९२ बिट. खोटी कार्डं अजून फिरतात. जुन्या चिपवर नवीन नाव फ्लॅश केलेलं असेल तर जीपीयू-झेड नावापुढे ‘फेक’ असं दाखवतं. दुसरी, मूळ बिल हवं. २०२१-२२ची कार्डं इथेरियम या डिजिटल चलनाच्या मायनिंगमध्ये राबलेली असू शकतात. सप्टेंबर २०२२मध्ये ते मायनिंग बंद झालं आणि ढिगाने कार्डं बाजारात आली. मायनिंगमुळे चिप सहसा मरत नाही, पंखे आणि थर्मल पॅड मरतात, आणि ते बदलता येतात. तरी वॉरंटी संपलेली असणार असं धरूनच भाव करा. नव्या ९०६० एक्सटीच्या निम्म्यापेक्षा जास्त देऊ नका. तिसरी, तुमच्याच मशीनमध्ये लावून अर्धा-पाऊण तास जड गेम किंवा फरमार्क ही ताण-चाचणी चालवा. पडद्यावर ठिपके, रेघा, अचानक काळा पडदा, यातलं काहीही दिसलं तर नमस्कार करून परत द्या. याहून जुनं १०६० किंवा १०७० कोणी देत असेल तर नको म्हणा. त्यांच्या पास्कल पिढीची गेम रेडी ड्रायव्हरची साथ ऑक्टोबर २०२५मध्ये संपली, आता फक्त सुरक्षेपुरत्या दुरुस्त्या येतात. तुमचं १६५० पुढच्या ट्यूरिंग पिढीचं असल्यामुळे त्यातून सुटलंय, विकताना हे सांगा.

एसएमपीएसवर नुसतं ४५० वॅट लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका. बाजूचा स्टिकर वाचा: १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर दिलेत? ३० अँपिअर म्हणजे ३६० वॅट. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या डब्यात हा आकडा फार कमी असतो, आणि ८ पिनची पीसीआयई केबलही नसते. नसली तर मोलेक्सवरून (जुन्या चार पिनी जोडणीवरून) कन्व्हर्टर लावून देतो म्हणणाऱ्या दुकानदाराला हात जोडा. ९०६० एक्सटीसाठी एएमडी ४५० वॅटचा एसएमपीएस पुरेसा सांगते, ५०६० टीआयसाठी एनव्हिडिया ६०० सांगते. प्रत्यक्षात १८० वॅटच्या कार्डाला चांगला ५५० वॅटचा ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याच्या प्रमाणपत्राचा) पुरतो. वाईट ६५०पेक्षा चांगला ५५० केव्हाही बरा. नामांकित कंपनीचा ४५० वॅटचा असेल तर ९०६० एक्सटी त्याच्यावर चालेल, म्हणजे तुमचे चार-पाच हजार वाचले. ४० हजारांत बसण्याचं तेही एक कारण.

यूपीएस मात्र बघावा लागेल. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटचा असतो. १८० वॅटचं कार्ड, प्रोसेसर, मॉनिटर आणि एसएमपीएसमध्ये वाया जाणारी वीज धरली तर भरात असताना तुम्ही त्या काठावर पोचता. लाइट गेली की यूपीएस बॅटरीवर जाण्याऐवजी टीं करून बंद पडेल, आणि लोक समजतात कार्ड बिघडलं. १००० ते ११०० व्हीएचा घ्या, किंवा रेंडर चालू असताना लाइट गेली तर मशीन बंद पडणार हे धरून चाला आणि फ्रेम इमेज सिक्वेन्स म्हणून साठवा. झालेल्या फ्रेम तरी वाचतील.

जळगावचा उन्हाळा हा तर वेगळाच विषय. समीक्षेतलं तापमान वीस-बावीस अंशांच्या खोलीतलं असतं. तुमची खोली ४० अंशांवर असेल तर कार्डाच्या तापमानात तेवढीच, म्हणजे जवळजवळ अठरा अंशांची भर पडते. तिथे ६५ दिसलं तर इथे ८०च्या वर. त्यावर उपाय तीन पंख्यांचं महागडं मॉडेल नव्हे. या पट्ट्यातली कार्डं दोन पंख्यांवर मजेत चालतात आणि ‘ओसी’ (कारखान्यातच वेग वाढवलेली) आवृत्ती एक-दोन टक्क्यांपलीकडे काही देत नाही. त्यासाठी तीन-चार हजार जास्त मागत असतील तर देऊ नका. कॅबिनेटला पुढे जाळी आहे का बघा, पुढून हवा आत घेणारे दोन पंखे लावा. मे महिन्यात आफ्टरबर्नरमधून पॉवर लिमिट ८० ते ८५ टक्क्यांवर आणा. कामगिरी दोन-पाच टक्के घटते, उष्णता आणि आवाज बरेच उतरतात. धूळ दर दोन-तीन महिन्यांनी ब्लोअरने काढा, पण पंखा बोटाने धरून. मोकळा फिरू दिला तर बेअरिंग खराब होतं.

कुठून घ्यायचं? मुंबईला लॅमिंग्टन रोडवर कोणी जाणार असेल तर भाव करायला तिथे वाव आहे, ऑनलाइन घेतलं तर परतीची सोय आहे. दोन्हीकडे पक्कं बिल घ्या आणि बिलावर कार्डाचा सीरियल नंबर लिहून घ्या. बिनबिलाचं दोन-तीन हजारांनी स्वस्त मिळणारं कार्ड बहुधा बाहेरून आलेलं असतं आणि भारतात त्याला वॉरंटी नसते. या कार्डांना बहुधा तीन वर्षांची वॉरंटी मिळते, पण सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते आधी विचारा. जळगावहून कार्ड कुरिअरने पाठवायचं झालं तर मूळ खोकं आणि आतला फोम लागतो, तेव्हा ते माळ्यावर जपून ठेवा. ऑनलाइन मागवलंत तर खोकं फोडताना न थांबवता व्हिडिओ काढा, सील आणि सीरियल नंबर दिसेल असा.

कार्ड आल्यावर जुना ड्रायव्हर डीडीयू या सॉफ्टवेअरने पूर्ण काढा, विशेषतः एनव्हिडियाकडून एएमडीकडे जात असाल तर. मॉनिटरची केबल बोर्डात नाही, कार्डात लावा. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १४४ हर्ट्झ निवडलंय का बघा. केबल बदलली की ते ६०वर आलेलं असतं आणि महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही. जीपीयू-झेडमध्ये बसच्या रकान्यात ९०६० एक्सटीला ‘एक्स१६’ आणि ५०६० टीआयला ‘एक्स८’ दिसायला हवं, दोन्हीकडे जेन ३. त्याहून कमी दिसलं तर आधी कार्डावर थोडा भार टाकून परत वाचा, तरीही कमीच असेल तर कार्ड काढून नीट बसवा. परतीची मुदत संपायच्या आत एक अख्खी रात्र रेंडर लावा आणि भावाला एक दिवस पोटभर खेळू द्या.